स्वस्त चिकन, स्वस्त साखर : उरलेलं बिल कोण भरतं?

कोथरूडचा_बंड्या
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे या आठवड्यात ब्रॉयलर दोनशे चाळीस रुपये किलो आणि शेवगा दोनशे रुपये किलो. म्हणजे एक अख्खा जीव उबवायचा, वाढवायचा, टेंपोत घालून पुण्यात आणायचा, कापून सोलून पिशवीत द्यायचा आणि त्याचे पैसे जवळपास झाडावरची शेंग तोडण्याइतकेच?? साखर पंचेचाळीस. बिस्किटाचा पुडा अजून पाच रुपयाला मिळतोय (व्हिजिटिंग कार्डाएवढा झालाय तो भाग वेगळा). हे परवडतं कसं बुवा? मला तरी वाटतं की परवडत नाहीच, काउंटरवर आपण अर्धंच बिल देतो आणि उरलेलं कुठेतरी दुसऱ्याच्या नावावर चढतं, नदीच्या, जमिनीच्या, नाहीतर आपल्याच दवाखान्याच्या फायलीत. इथे शेतीतले, दूधवाले, डॉक्टर सगळे आहेत. नक्की कुठे चढतं ते सांगा की. आणि "ऑरगॅनिक घ्या" हे उत्तर नकोय, ते मलाही ठाऊक आहे आणि माझ्या खिशालाही.

मीठ_मिरची
आले बाई परत. आता सगळे मिळून आम्हाला सांगणार की तुम्ही खाता ते पाप आहे. दोन वाढती मुलं, सासूबाईंना डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा सांगितलंय, पनीर चारशेच्या पुढे. अंडी आणि ब्रॉयलर स्वस्त आहेत म्हणून आमच्या ताटात काहीतरी पडतं. छुपी किंमत वगैरे ठीक आहे पण उघडी किंमत मीच भरते ना महिन्याला.

शेडवाला
नमस्कार. शिरूर भागात करारावर पोल्ट्री करतो, दहा हजार पक्ष्यांचं शेड. कंपनीचं नाव विचारू नका. बंड्याभाऊंचा प्रश्न बरोबर आहे म्हणून वेळ काढून लिहितोय.

पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, सुपरवायझर कंपनीचा. शेड माझं, बँकेचं कर्ज माझं, लाईटबिल माझं, खाली अंथरायचं तूस माझं, गडी माझा, आणि शेडमधली मर पण माझीच. चाळीस ग्रॅमचं पिल्लू येतं आणि चाळीस-बेचाळीस दिवसात सव्वादोन किलोचं होऊन गाडीत जातं. एक किलो वजन वाढायला साधारण एक किलो सहाशे ग्रॅम खाद्य लागतं, याला एफसीआर म्हणतात, आमचं सगळं आयुष्य त्या एका आकड्यावर. तो बिघडला की माझे पैसे कापतात. मला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो सात-आठ रुपये. तुम्ही दोनशे चाळीस देता त्यातले.

आता पक्ष्याचं सांगतो. पहिले आठ-दहा दिवस ब्रूडिंग, थंडीत रात्रभर जागायचं, ऊब कमी पडली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची दबून मरतात. शेवटच्या आठवड्यात छाती इतकी जड झालेली असते की पक्षी फीडरपर्यंत चार पावलं चालतो आणि परत बसतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी मी शेड सोडून कुठे जात नाही, लग्न असो काही असो. पत्र्यावर पाचट, त्यावर स्प्रिंकलर, आत फॉगर. लाईट गेली आणि जनरेटर लगेच चालू झाला नाही तर अर्ध्या तासात सगळं शेड चोच उघडून धापा टाकायला लागतं, पंख अंगापासून लांब धरून उभी राहतात, मग एक एक उलथी पडायला लागतात. मेलेली पोत्यात भरून खड्ड्यात टाकताना हिशोब चालू असतो की यातले किती माझ्या खात्यावर.

एवढं करून तो पक्षी तुम्हाला दोनशे चाळीस रुपये किलोने पडतो कारण मला माझ्या रात्रीचे पैसे कोणी देत नाही. बायको आणि मी दोघं राबतो, तिची मजुरी कुठल्याच कागदावर नाही.

निव्वळ_वाचक
शेडवाले भाऊ, नमस्कार. ते हार्मोनचं इंजेक्शन देतात म्हणून पक्षी फुगतो हे खरं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला व्हिडिओ येतो.

शेडवाला
दहा हजार पक्ष्यांना रोज इंजेक्शन द्यायला माणसं कुठून आणू? गड्याला फक्त पाणी बघायला ठेवलाय तोच टिकत नाही.

गुरांचा_डॉक्टर
हार्मोनचं खोटं आहे, ते डोक्यातून काढून टाका. पक्षी वाढतो तो जातीमुळे आणि मका-सोयाबीन पेंडीच्या खाद्यामुळे, पिढ्यानपिढ्या निवड करून त्याला तसा बनवलाय. या अफवेचा तोटा असा की खरा प्रश्न बाजूला पडतो. खरा प्रश्न अँटिबायोटिक्सचा.

एवढे पक्षी एका छताखाली, एकाच तुसावर, म्हणजे एक आजारला की शेड आजारतं. म्हणून आजार येण्याआधीच पाण्यातून, खाद्यातून औषध देत राहायची सवय लागली, थोड्या डोसने वजनही बरं भरतं. कोलिस्टिन नावाचं औषध आहे, आयसीयूमध्ये बाकी सगळं थकलं की डॉक्टर जे शेवटी काढतात त्यातलं. ते आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी सर्रास जात होतं. २०१९ मध्ये केंद्राने जनावरं, पोल्ट्री, मासे सगळीकडे बंदी घातली. चांगलं झालं, पण बाकीची औषधं आहेतच. थोड्या थोड्या डोसला सरावलेले जंतू विष्ठेतून खतात, खतातून शेतात, पाण्यात. उद्या तुमच्या घरातल्या कोणाला साधं युरिन इन्फेक्शन झालं आणि तिसरं औषधही लागू पडलं नाही तर ते बिल तुमच्या हातात हॉस्पिटल देईल, चिकनवाला नाही. आणि तुम्ही शाकाहारी असलात तरी देईल हे लक्षात घ्या.

सदाशिव_शाकाहारी
मी हेच म्हणणार होतो की आम्ही तर खातच नाही, तर डॉक्टरांनी तेही दार लावलं 😄

पेठेतला_पेन्शनर
वाचतोय सगळं. थोडं जुनं सांगतो. ७२च्या दुष्काळात मी शाळेत होतो, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार) यायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे. दुधासाठी सरकारी केंद्रावर पहाटे कार्ड घेऊन रांग. अंडं म्हणजे आजारी माणसाला, तेही अर्धं. आज माझी कामवाली बाई मुलाला रोज अंडं देते. या तुमच्या छुप्या किमतीत ही उघडी कमाई पण कोणीतरी मांडा. संकरित बियाणं, युरिया, धरणं, दूध महापूर, हे काही कोणी गंमत म्हणून केलं नाही. भुकेला पोट भरायचं होतं.

कोथरूडचा_बंड्या
काका अगदी मान्य. पण तेव्हा जे गरजेपोटी सुरू झालं ते आता पोट भरल्यावरही त्याच वेगाने चालू आहे, माझा आक्षेप तिथे आहे. युरियाचंच घ्या. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशाला, आणि सरकारला तीच दोन हजारांच्या वर पडते. मधला फरक तुमच्या आमच्या टॅक्समधून. २०१० मध्ये बाकी खतांना अन्नद्रव्याप्रमाणे अनुदान सुरू केलं, त्यांच्या किमती वाढल्या, युरिया तेवढा बाहेर ठेवला. मग काय होणार, जो स्वस्त तो जास्त टाकणार. पिकाला लागतो त्यापेक्षा जास्त नत्र गेला की उरलेला विहिरीत नायट्रेट होऊन उतरतो किंवा वायू होऊन वर जातो, तो नायट्रस ऑक्साईड कार्बन डायऑक्साईडच्या अडीचशे-पावणेतीनशे पट तापवतो. म्हणजे पैसे देऊन आपण विहीर खराब करतोय.

भीमाकाठ
इंदापूरकडचा आहे, ऊसवाला. मला शिव्या द्यायच्या आधी पूर्ण वाचा.

पुणेकरांना उसाचं पाणी फार दिसतं. खरं आहे, राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस चार-पाच टक्के आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा त्याचा. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी जातं असं सरकारी कागदातच आहे. राज्याच्या पाण्यासाठी नेमलेल्या चितळे आयोगाने १९९९ ला सांगितलं होतं की तुटीच्या खोऱ्यात ऊस नको. कोणी ऐकलं? कारखाने वाढतच गेले. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच मराठवाड्यात तोपर्यंत दणादण कारखाने उभे होते.

पण मी ऊस का लावतो ते विचारा. कांदा लावला, कधी दोन रुपये कधी चाळीस. टोमॅटो लावला तर रस्त्यावर ओतायची पाळी. उसाला एफआरपी आहे, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, २०२५-२६ ला टनाला ३५५० (साखरेचा उतारा सव्वादहा टक्के धरून), त्यातून तोडणी-वाहतूक जाते पण उरलेले मिळतात हे नक्की, उशिरा का होईना. वीज फुकट, पाणीपट्टी हेक्टरावर, मीटर नाही. पाणी कमी वापरलं म्हणून मला एक रुपया जास्त मिळत नाही. मग मी कशाला ठिबकच्या नळ्या उंदरांना घालू? (घातलंय ठिबक, पण ते मजूर मिळत नाही म्हणून.)

आणि जमीन. पाटाचं पाणी सोडून सोडून आमच्याकडची कित्येक रानं चोपण झाली. वर पांढरा थर येतो, पावसात पाय रुततो आणि उन्हात कुदळ लागत नाही. आमच्या चुलत्याचं खालच्या अंगाचं रान असंच गेलं, त्यात आता वेड्या बाभळी. साखरेच्या पोत्यावर ती एकरं कुठे छापलेली नसतात.

आता पुण्याचं पण बोलू. तुमच्या मुळा-मुठेत जे सोडता ते सगळं खाली भीमेतून उजनीत येतं. बॅकवॉटरला उन्हाळ्यात हिरवा तवंग आणि वास. पूर्वीचे मासे गेले, जाळ्यात चिलापीच. तेच पाणी आमच्या उसाला, तोच ऊस साखर होऊन तुमच्या चहात. हिशोब फिटला म्हणायचा.

मीठ_मिरची
ईईई. चहा घेत होते हो.

भीमाकाठ
घ्या घ्या, साखर उकळून येते ताई 😂 एक राहिलं, सगळ्यात महत्त्वाचं तेच राहिलं. तोडणीवाले. बीडकडून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे थंडीत फडात, बाई मोळी डोक्यावर घेऊन फळी चढून ट्रॉली भरते, रात्री पालावर येऊन परत चूल. एक दिवस खाडा केला तर उचलीतून कापतात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, संडास-पाण्याची सोय नाही, मग डॉक्टर म्हणतो पिशवीच काढून टाका, कटकट नको. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर राज्य सरकारने समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीतल्या पण बायका. आमच्या फडात येणाऱ्यांमध्ये पण होत्या, आम्हाला कधी विचारायचं सुचलं नाही.

निव्वळ_वाचक
हे वाचून सुन्न झालो.

आकडेमोड
बंड्या, तू ज्याला उरलेलं बिल म्हणतोयस ते जागतिक पातळीवर कोणीतरी बेरीज करून ठेवलंय. संयुक्त राष्ट्रांच्या एफएओने २०२३ च्या अहवालात १५४ देश धरून छुपा खर्च काढला, वर्षाला किमान १० लाख कोटी डॉलर (क्रयशक्तीच्या हिशोबाने, म्हणून लगेच डॉलरच्या भावाने गुणू नका). भारताचा वाटा साधारण १.१ लाख कोटी डॉलर, चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा.

पण लोक हा आकडा फेकतात आणि आतलं वाचत नाहीत. त्यातला सत्तर टक्क्यांवर भाग नद्या-जंगलांचा नाहीच, तो चुकीच्या खाण्यातून येणाऱ्या आजारांचा आणि त्यामुळे बुडणाऱ्या कामाचा. पर्यावरणाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे इथे आपण कोंबडी आणि उसावर एवढं बोलतोय आणि मोठा खड्डा आहे तो बिस्किट, फरसाण, पाव, कोल्ड्रिंकमध्ये. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. गोळ्या, पट्ट्या, डोळ्यांची तपासणी, पुढे डायलिसिस, हे पाच रुपयाच्या पुड्याच्या किमतीत कोण मिळवतो?

आणि पाच रुपयात तो बसतो कसा, तर पामतेल. आपण खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात पाम सगळ्यात मोठं, मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. तिकडची जंगलं तोडून लावलेलं. २०२२ च्या एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने निर्यात बंद केली, तीन-साडेतीन आठवडेच होती, आणि त्या काळात आपल्या पुण्यातल्या फरसाणवाल्यांची तोंडं आठवा.

सदाशिव_शाकाहारी
बरं मग दूध तरी सोडा यातून. सकाळची पिशवी निर्दोष ना?

गुरांचा_डॉक्टर
सॉरी. गायीच्या दुधाचा पैसा दूध उत्पादकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मिळतो. २०२४ मध्ये दर सत्तावीस-अठ्ठावीसवर आले होते, सरकारला लिटरला पाच रुपये अनुदान द्यावं लागलं, तेव्हा तुमची पिशवी काही तेवढी स्वस्त झाली नव्हती. पेंड महाग, मुरघास महाग, एचएफ (होल्स्टीन, परदेशी जात) गायीला उन्हाळा सोसत नाही. आणि गाय दूध द्यायची तर विणार, विली तर निम्म्या वेळा गोऱ्हा. त्या संकरित गोऱ्ह्याला ना औताला कोणी घेत, ना २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कत्तलीला विकता येत. त्याचं काय होतं हे गोठेवाले बोलत नाहीत आणि दूध पिणारे विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. नव्वदीत गुरांना डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध स्वस्त मिळायला लागलं, आम्ही सगळ्यांनीच दिलं, चांगलं लागू पडायचं. त्या जनावराचं मढं गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद. देशात कोट्यवधी गिधाडं होती, दहा-पंधरा वर्षात संपल्यात जमा. २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडलाय की २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. कोणाच्या स्वप्नात तरी होतं का? गायीच्या पायाला सूज आली म्हणून दिलेलं इंजेक्शन.

मीठ_मिरची
डॉक्टर, पुण्यात तो जीबीएस (हातपाय लुळे पडायचा आजार) आला होता तेव्हा चिकन खाऊ नका म्हणत होते सगळे, ते काय होतं मग? आमच्या सिंहगड रोडला तर दुकानं ओस पडलेली.

गुरांचा_डॉक्टर
जानेवारी २०२५. नांदेड गाव, किरकटवाडी, तो पट्टा. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. काही रुग्णांच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही राहतो, तिला काही होत नाही. म्हणून बोट कोंबडीकडे गेलं, पण पाण्याकडेही तितकंच गेलं, गाव महापालिकेत येऊन वर्षं झाली तरी शुद्धीकरण न होता नळाला येणारं पाणी हे तिथलं जुनंच रडगाणं आहे. नीट शिजवलेल्या चिकनने काही होत नाही. कच्चं चिकन सिंकमध्ये धुता ना, ते थांबवा, शिंतोडे कोथिंबिरीवर उडतात.

शेडवाला
त्या महिन्यात कंपनीने पक्षी उचलायला दहा दिवस उशीर केला. खाद्य खातच होते, एफसीआर माझा बिघडला. अफवेचं बिल पण आमच्यावरच, हे पण लिहा यादीत.

व्यवस्थापक
दोन प्रतिसाद उडवलेत. शाकाहार-मांसाहारावर भांडायला वेगळे धागे आहेत, तिथे जा.

द्राक्षबागायतदार_नारायणगाव
एक छोटी भर. २०१० ला आमच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून. बागायतदार बुडाले. त्यानंतर सगळे शहाणे झालो, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीप्रमाणे औषधं, प्रत्येक निर्यात प्लॉटचा नमुना लॅबला, फेल झाला तर युरोप बंद. आता प्रश्न असा की फेल झालेला माल कुठे जातो? मी फोडून सांगत नाही, मार्केट यार्डला या सीझनमध्ये.

कोथरूडचा_बंड्या
बापरे, म्हणजे जर्मन माणसासाठी लॅब आणि आपल्यासाठी नशीब. धाग्यावरून मला एवढं कळलं की स्वस्तपणा आपोआप तयार होत नाही, तो कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो. आता सरळ प्रश्न शेडवाल्या भाऊंना. समजा मी किलोमागे जास्त द्यायला तयार आहे. किती दिले तर तुमचं आणि पक्ष्याचं बरं होईल?

निव्वळ_वाचक
गावरान घ्या ना त्यापेक्षा, साडेपाचशे किलो मिळते आमच्याकडे.

शेडवाला
निव्वळ वाचक भाऊ, रस्त्याकडेच्या पाटीवर गावरान लिहिलेली बरीचशी कावेरी नाहीतर डीपी क्रॉस या संकरित जातीची असते, तीही शेडमध्येच वाढते. रंग तांबडा एवढंच.

बंड्याभाऊ, मला किलोला फक्त दोन रुपये जास्त मिळाले तर एका बॅचला (दहा हजार गुणिले सव्वादोन किलो, मर वजा जाता) त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार होतात. त्यात मी दोन बॅचमध्ये शेड नीट रिकामं ठेवीन, तूस पूर्ण बदलून चुना मारीन, शेडमध्ये हजार पक्षी कमी टाका म्हणून कंपनीला सांगायची हिंमत येईल, आणि रात्रीला एक गडी. औषध निम्म्यावर येईल, हे डॉक्टरांना विचारा.

गुरांचा_डॉक्टर
निम्म्यावर सांगत नाही, पण गर्दी कमी, तूस कोरडं, हवा खेळती असेल तर बरंच कमी होतं. यात नवीन काही नाही, कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात.

मीठ_मिरची
दोन रुपये?? दोन रुपये मी पण देईन हो. मला वाटलं शंभर म्हणाल.

शेडवाला
ताई, तुम्ही द्याल. पण ते माझ्यापर्यंत यायचा रस्ता कुठाय? मागच्या वर्षी दुकानात चाळीसने वाढलं होतं, माझा चार्ज होता तिथेच होता. करारात लिहिलंय तेवढा. आमच्या तालुक्यातले वीस-पंचवीस शेडवाले मिळून करार बदला म्हणून गेलो होतो, पुढची बॅच सगळ्यांना सोडून तिघांनाच आली.

आकडेमोड
कराराचा नमुना, नावं खोडून, इथे टाकता येईल का? यात वाचण्यासारखं बरंच असणार.

शेडवाला
आमच्याकडे कॉपी देत नाहीत. सही करून घेतात आणि नेतात. उद्या सुपरवायझर येतोय, फोटो काढता आला तर बघतो.